'आई, तिथे मला येता येईल का?'

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका वाचक मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलं आहे. वय ४६, पतसंस्थेत नोकरी. नवरा शिक्षक, मुलगी पुण्यात शिकायला, धाकटा मुलगा दहावीत. सात मैत्रिणींच्या भिशीत तीन वर्षांपूर्वी पुस्तकं शिरली आणि आता दर महिन्याला एक पुस्तक वाचून त्यावर बोलायचं असा शिरस्ता पडला आहे. यंदा त्यांनी पुरुषांशिवाय राहणाऱ्या बायकांच्या जगाच्या कथा वाचायला घेतल्या. आधी रुकैया सखावत हुसैन यांची 'सुलतानाज ड्रीम', मग शार्लट पर्किन्स गिलमन यांची 'हरलँड', मग जोआना रस यांची 'व्हेन इट चेंज्ड'. "तीन रात्री झोप लागली नाही," असं त्या लिहितात. हळूहळू भिशीतल्या गप्पांना वेगळं वळण लागलं. साठीनंतर सातजणींनी एकत्र राहायचं, घरी नवरे नकोत, मुलगे नकोत. एका मैत्रिणीने धरणाच्या काठी जागाही पाहून ठेवली. "स्वयंपाकाला आणि भांड्यांना गावातली एखादी बाई मिळेलच." प्रत्येकीने या महिन्यात दोन लाख विसार द्यायचा आहे. मध्यंतरी नवऱ्याने टेबलावरचं पुस्तक चाळलं आणि रात्री विचारलं, "माझं काय चुकलं?" दुसऱ्या दिवशी मुलगा डबा भरून घेताना सहज म्हणाला, "आई, तिथे मला येता येईल का?" तेव्हापासून पुस्तक कपाटात आहे. "नवरा वाईट नाही. मारत नाही, पीत नाही. मग मला असं जग हवंसं का वाटतं? मी पुरुषांचा द्वेष करायला लागले का? हे वाचणं बंद करू का? आणि पैसे देऊ का?"

प्रिय मैत्रिणी,

आधी पैशांचं सांगते, कारण त्याला तारीख आहे. विसाराचे दोन लाख या महिन्यात देऊ नका. का, ते पुढे येईल. वाचन मात्र बंद करू नका. कपाटातलं पुस्तक आजच बाहेर काढा.

एखादी गोष्ट मनात आली की ती करायलाच हवी, आणि करता येत नसेल तर ती मनात येणंही पाप, असं तुम्ही धरून चालला आहात. बायकांना हे फार लवकर शिकवलं जातं. निवृत्तीनंतर हिमालयात जाऊन राहीन असं एखादा गृहस्थ वीस वर्षं म्हणत राहतो, आणि त्याची बायको त्याला कधी "माझं काय चुकलं" असं विचारत नाही. घरातले सगळे त्याची ही हौस समजून घेतात. तुम्ही तर अजून कुठे गेलाही नाहीत. सात जणींनी मिळून तीन गोष्टी वाचल्यात आणि एक जागा लांबून पाहिलीत, एवढंच घडलं आहे.

'नवरा वाईट नाही' हे वाक्य तुमच्या पत्रात तीन वेळा आलं आहे. त्याचं उत्तर मला रुकैयाच्या आयुष्यात दिसतं. गोष्ट तुम्ही वाचलीत, पण ती कशी लिहिली गेली हे कदाचित भिशीत निघालं नसेल. रुकैयाचा जन्म १८८० चा, रंगपूर भागातल्या पायराबंद गावचा. आज ते बांगलादेशात आहे. घर जमीनदाराचं, पडदा कडक. मुलींनी बांगला आणि इंग्रजी शिकणं घरात बसत नव्हतं, म्हणून थोरला भाऊ रात्री सगळे झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात तिला शिकवायचा. लग्न झालं ते भागलपूरच्या एका सरकारी अधिकाऱ्याशी. सय्यद सखावत हुसैन वयाने बरेच मोठे, बिजवर. त्यांनी तिला लिहितं केलं, इंग्रजीचा सराव करायला लावला, मुलींच्या शाळेसाठी दहा हजार रुपये बाजूला काढून ठेवले. ते दौऱ्यावर असताना घरात वेळ जाईना, म्हणून तिने ही गोष्ट लिहिली. परत आल्यावर त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचून काढली आणि म्हणाले, हा तर भयंकर सूड आहे. १९०५ मध्ये ती मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये छापून आली.

म्हणजे जिने गोष्टीत देशातल्या सगळ्या पुरुषांना मर्दान्यात, म्हणजे पडद्याआडच्या दालनात, बसवलं, तिच्या हातात लेखणी आली ती भावाच्या आणि नवऱ्याच्या आधाराने. त्या दोघांचा तिला द्वेष नव्हता. पण भाऊ मायाळू आहे म्हणून पडदा मायाळू होत नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. नवरा चांगला आहे की वाईट, हा एक प्रश्न. सकाळी साडेपाचपासून रात्री अकरापर्यंतचा दिवस कुणाच्या सोयीने आखला गेला आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर चांगलं आलं तरी दुसरा तसाच उरतो, आणि तुमची झोप त्या दुसऱ्याने उडवली असावी असं मला वाटतं. शिवाय 'मारत नाही, पीत नाही' हे माप आपण किती खाली आणून ठेवलं आहे, याचाही एकदा विचार करा. तुमच्या मुलीने उद्या एखादा मुलगा दाखवला आणि त्याचं कौतुक म्हणून एवढंच सांगितलं, तर तुम्हाला ते पुरेल का?

(तुमच्यासारखीच स्वप्नं पाहणारी, पण घरात मार खाणारी कुणी हे वाचत असेल, तर पुढचा सल्ला तिच्यासाठी नाही. तिने वही-पुस्तकाचा विचार नंतर करावा. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तो आधी फिरवावा.)

आता ती गोष्ट पुन्हा वाचा, आणि या वेळी पुरुष कुठे गेले हे न बघता वेळ कुठे गेला ते बघा. रुकैयाने चक्क हिशेब मांडला आहे. पुरुष दिवसाला बारा चिरूट ओढतात, एकेका चिरुटाला अर्धा तास, म्हणजे सहा तास धुरात गेले. तिथल्या बायका प्रयोगशाळेतलं काम दोन तासांत उरकून कशिदा काढायला मोकळ्या होतात. स्वयंपाकघर भाजीच्या मळ्यात आहे आणि त्यात धूर नाही, कारण अन्न सूर्याच्या उष्णतेवर शिजतं. पाणी थेट ढगांतून उतरवून घेतात. रस्त्यात चोर नाही, लफंगा नाही, म्हणून बुरख्याविना चालता येतं, आणि स्वप्नात तिथे पोचलेल्या, सुरुवातीला लाजणाऱ्या सुलतानाला तिथल्या बायका हसतात की ही पुरुषांसारखी बुजरी आहे. चूल, पाणी आणि रस्त्यातली भीती. १९०५ सालच्या बाईचा दिवस ज्या तीन गोष्टी खात होत्या, त्या तिने एकेक करून उचलून बाजूला ठेवल्या. त्यातल्या दोन गोष्टींना तर यंत्रंच लागली. पुरुषांना घरात बसवून पाणी आलं नाही, ते दोन विद्यापीठांतल्या बायकांच्या संशोधनातून आलं.

तुमचा दिवस काय खातं? हे मी विचारते आहे ते उत्तर कागदावर यावं म्हणून. एक वही घ्या आणि आठ दिवस, ज्या क्षणी 'आत्ता तिथे असते तर' असं वाटेल तो क्षण लिहून ठेवा. वेळ लिहा आणि एक ओळ. मतं नकोत, तक्रारही नको. मला वाटतं त्यात 'आज काय करू जेवायला' हा प्रश्न पाच-सहा वेळा येईल. संध्याकाळी चप्पल पायात घालताना मागून आलेलं 'कुठे निघालीस' येईल. दुपारी डोळा लागल्यावर आलेली हाक येईल. पगाराच्या दिवसाचंही काही येईल कदाचित. अशा नोंदी समोर आल्या की लक्षात येतं, यातल्या बऱ्याच गोष्टींना धरणाकाठची जागा लागत नाही, आणि साठीपर्यंत चौदा वर्षं थांबावंही लागत नाही. काही मात्र उरतील. दुसऱ्या बायकांच्या सोबतीत, कुणाची बायको किंवा आई न होता बसण्याची ओढ उरेल. ती खरी आहे, तिला वेगळी जागा लागते, आणि तिच्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही.

या ओढीला आपल्या भाषेत फार जुना शब्द आहे. माहेर. जात्यावर बसलेल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या ओव्यांतून जे माहेर गायलं, ते बहुतेकींच्या वाट्याला तसं कधी आलं नाही. तिथेही मालकी बापा-भावाचीच, आणि भावजय आली की लेक पाहुणी. तरी गात राहिल्या. संतांनी पंढरीला माहेर म्हटलं ते याच अर्थाने, की जिथे कुणी काम सांगणार नाही आणि का आलीस असं विचारणार नाही. आपल्याकडे दुसराही एक शब्द आहे, स्त्रीराज्य. तो नवनाथांच्या कथेतला. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात गुंतून पडतात, आणि गोरखनाथ मृदंगातून 'चलो मच्छिंदर गोरख आया' असा बोल काढून त्यांना भानावर आणतात. त्या कथेत बायकांचं राज्य म्हणजे पुरुषाला पडलेली भूल आहे. तिथल्या बायका दिवसभर काय करत होत्या, सुखी होत्या का, हे कुणी विचारत नाही.

तुमच्या घरात टेबलावर एकच पुस्तक होतं. ते वाचताना तुमच्या मनात माहेर होतं. नवऱ्याने ते चाळलं तेव्हा त्यांच्या मनात स्त्रीराज्य उभं राहिलं असणार. म्हणून त्यांचा प्रश्न इतका दुखावलेला आहे. त्यावर 'छे, तुमचं काही चुकलं नाही' असं म्हणून विषय मिटवू नका, कारण ते पूर्ण खरं नाही आणि त्यांना ते कळेल. 'तुमचंच चुकलं' हेही खरं नाही. वही घेऊन बसा. रात्री दिवे मालवताना नको, रविवारी दुपारी, चहा झाल्यावर. म्हणा, हे पुस्तक तुमच्याविषयी नाही, माझ्या दिवसाविषयी आहे, आणि हा बघा माझा दिवस. मग ते बहुधा 'मी करतो की मदत' असं म्हणतील. मदत घेऊ नका. दोन अख्खी कामं मागा. समजा मुलाचा सकाळचा डबा आणि घरातला किराणा. अख्खं म्हणजे काय संपलं, काय आणायचं, उद्या कोणती भाजी, हे सगळं डोक्यात ठेवण्यासकट. शिक्षक माणूस आहे, वेळापत्रक कळतं त्यांना. पहिला महिना डब्यात रोज बटाटा आला तरी बोलू नका.

हे सगळं सांगून झाल्यावर मला तुमच्या एका समजुतीबद्दल बोलायचं आहे, आणि ते बोलताना मला थोडं जड जातंय, कारण तुमचं स्वप्न मला आवडलं आहे. पुरुष नाहीत म्हणजे जागा आपोआप मोकळी झाली, असं तुमच्या पत्रात गृहीत आहे.

वयाच्या तेविसाव्या वर्षी नोकरीनिमित्त मी बायकांच्या एका वसतिगृहात राहायला गेले. चार वर्षं राहिले. रात्री दहानंतर गच्चीवर बसून आम्ही जे बोललो, हसलो, रडलो, तसं पुढे आयुष्यात फार कमी वेळा जमलं. आणि त्याच वसतिगृहात माझ्या खोलीतल्या एका मुलीचं पाण्याचं भांडं दोघींनी वेगळं ठेवलं होतं, तिचं आडनाव कळल्यापासून. कुणी पुरुष तिथे नव्हता. मी ते पाहिलं आणि दोन महिने काही बोलले नाही. ती मुलगी दुसरीकडे राहायला गेली, आणि तिची क्षमा मागायची राहूनच गेली. ही गोष्ट मला आजही सलते.

गिलमनची 'हरलँड' पुन्हा काढा. १९१५ मध्ये तिने ती स्वतःच्या मासिकात क्रमशः छापली, पुस्तकरूपाने यायला १९७९ उजाडलं. तीन अमेरिकन पुरुष विमानातून त्या देशात उतरतात आणि बघतात तर दोन हजार वर्षं तिथे फक्त बायका आहेत, त्यांना मुलीही पुरुषाविना होतात, सगळं रान फळझाडांचं करून टाकलं आहे. एक पुरुष स्वतःच्या बायकोवर बळजबरी करायला जातो, तर त्याला देशाबाहेर काढतात. १९१५ मध्ये नवऱ्याच्या बळजबरीला गुन्हा म्हणणं केवढं धाडसाचं होतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पण त्याच देशात 'अयोग्य' ठरलेल्या बाईला आई होऊ नकोस असं सांगितलं जातं, आणि त्या सगळ्या बायका आर्य वंशाच्या आहेत हे गोष्ट सांगणारा पुरुष ठामपणे नोंदवतो. कोण योग्य, कोण अयोग्य, हे तिथेही कुणीतरी ठरवतंच आहे. रसच्या गोष्टीतल्या बायका तर एकमेकींशी द्वंद्व लढतात. तिच्या बायका देवी नाहीत, म्हणून मला ती या तिघींत जास्त जवळची वाटते.

आणि आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, 'स्वयंपाकाला आणि भांड्यांना गावातली एखादी बाई मिळेलच.' तुम्ही ते सहज लिहिलंत. मीही सहज लिहिलं असतं. पण थोडं थांबून बघा. ती बाई पहाटे उठून स्वतःच्या घरचं करून तुमच्याकडे येणार. तिच्या घरी नवरा असेल, सासू असेल, कदाचित पिणारा मुलगा असेल. सात जणींचं जग तिच्या हातांवर उभं राहणार, आणि त्या जगात तिला खोली नाही. रुकैयाने भांडी पुरुषांकडे दिली. गिलमनच्या देशात घरोघरी वेगळी चूलच नाही. तुमच्या योजनेत ती गावातल्या बाईकडे गेली. मी तुम्हाला दोष देत नाही, पण ही भिशी नव्या जगाविषयी वाचत असेल तर भांड्यांचं काय, हा तिचा पहिला विषय व्हायला हवा. बाई ठेवायचीच असेल तर तिचा पगार, सुट्टी, आजारपण आणि म्हातारपण तुमच्या कागदात लिहिलेलं असू द्या. ती आठवी भागीदार झाली तर फारच छान.

असं जगून बघितलेल्या बायकाही आहेत, फक्त गोष्टीतल्या नाहीत. आजच्या बेल्जियम-नेदरलँड्सच्या भागात तेराव्या शतकापासून बेगिन नावाच्या बायका भिंतीआडच्या वस्त्यांत एकत्र राहत आल्या. त्या जोगिणी नव्हत्या. आयुष्यभराची शपथ घ्यावी लागत नसे, स्वतःची मिळकत स्वतःकडे राही, विणकाम, धुणं, आजाऱ्यांची शुश्रूषा, शिकवणं यावर त्या पोट भरत, आणि लग्न करावंसं वाटलं तर बाहेर पडता येई. त्यांच्यातली शेवटची बाई २०१३ मध्ये वारली. इतकी शतकं हे टिकलं, याचं कारण मला वाटतं स्वतःची कमाई आणि आतबाहेर दोन्हीकडे उघडणारं दार. केनियाच्या उत्तरेकडच्या सांबुरू भागात उमोजा नावाचं गाव आहे. १९९० मध्ये रिबेका लोलोसोली आणि पंधराएक बायकांनी ते वसवलं. परक्या सैनिकांनी केलेल्या अत्याचारानंतर नवऱ्यांनी हाकलून दिलेल्या बायका त्यात होत्या. पुरुषांना तिथे मुक्काम नाही. मण्यांचे दागिने विकून आणि पर्यटकांसाठी तळ चालवून त्या जगतात. त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती. तुम्हाला कुणी हाकललेलं नाही, आणि म्हणून तुमच्याकडे सावकाश जाण्याची चैन आहे. ती वापरा.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. केशवपन झालेल्या, घरात नकोशा झालेल्या मुलींना तिथे अक्षरं मिळाली, पोटाची सोय मिळाली. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, त्याच आपल्या बाया कर्वे. बायकांच्या घरातून बाहेर पडून लग्न केलं म्हणून त्या हरल्या असं कुणी म्हणेल का?

रुकैयाचंही पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. १९०९ मध्ये नवरा गेला. त्याच वर्षी तिने भागलपुरात पाच मुलींची शाळा काढली, ती १९११ मध्ये कलकत्त्यात आठ मुलींनिशी पुन्हा सुरू केली. स्वप्नात उडती गाडी होती, इथे शाळेची बस आली, आणि पालकांचा पडदा सांभाळायचा म्हणून ती इतकी बंद केलेली की आत मुली गुदमरून बेशुद्ध पडायच्या. पडदे जरा सैल केले तर धमकीची पत्रं आली. १९२४ मध्ये तिने 'पद्मराग' ही कादंबरी छापली. त्यात तारिणी भवन नावाची वास्तू आहे. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती बायका तिथे एकत्र राहतात, शाळा चालवतात, शिवणकाम करतात, आजाऱ्यांना सांभाळतात. नायिका शेवटी नवऱ्याकडे परत जात नाही. त्या घरात 'सुलतानाज ड्रीम'मधली राणी नाही, सूर्यकिरणांची अस्त्रं नाहीत, पुरुषांना कुणी कोंडलेलं नाही. शाळा काढल्यावर पंधरा वर्षांनी छापलेलं तिचं हे स्वप्न इतकं जमिनीवरचं आहे. तुमच्या भिशीचं पुढचं पुस्तक हेच असावं, असा माझा आग्रह आहे.

आता जागा. विसार न देण्याची माझी कारणं साधी आहेत. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला खरेदीदार शेतकरी असावा लागतो. सातही जणी आहेत का? जागा गुंठ्यांनी विकली जात असेल तर ती बिगरशेती झाली आहे का, सातबाऱ्यावर प्रत्येकीचं नाव लागणार का, हे विकणाऱ्याच्या तोंडून न ऐकता स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्या. दुसरं आणखी महत्त्वाचं. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विवाहित हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः घेतलेल्या मालमत्तेचे पहिले वारस तिची मुलं आणि नवरा असतात. म्हणजे सातजणींनी मोठ्या मनाने घर बांधलं आणि कुणीच मृत्युपत्र केलं नाही, तर वीस वर्षांनी त्या घरात नवरे आणि मुलगे भागीदार म्हणून बसलेले असतील. त्यांना ती जागा विकावीशी वाटली तर उरलेल्या म्हाताऱ्या मैत्रिणी काय करणार? म्हणून आधी लेखी करार करा. एकीला सोडून जायचं असेल तर तिचा हिस्सा कुणी, कोणत्या दराने घ्यायचा. एक अंथरुणाला खिळली तर कोण बघणार, खर्च कुणाचा. रात्री दोन वाजता दवाखाना किती लांब. हे बोलायला अवघड वाटेल, पण ज्यांच्याशी हे बोलता येत नाही त्यांच्याबरोबर म्हातारपण काढता येणार नाही.

त्याआधी एक छोटी गोष्ट करा. येत्या दिवाळीनंतर सातजणींनी चार दिवसांसाठी एखादं घर भाड्याने घ्या. स्वयंपाकाला, भांड्यांना बाई नको. फोन दिवसातून एकदा. कुणी उशिरा उठतं, कुणाला रात्री खिडकी उघडी लागते, कुणाचे पैसे नेहमी 'नंतर देते' असतात, हे भिशीच्या तीन तासांत कळत नाही, चार दिवसांत कळतं. दर वर्षी चार दिवस, मग आठ, असं पाच वर्षं करून बघा. त्यानंतरही सातजणींना एकमेकी हव्या असतील तर जागा घ्या. जागा मिळतील.

मुलाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे.

रसच्या गोष्टीतला तो प्रसंग आठवा. पृथ्वीवरून आलेले पुरुष फक्त बायकांची वस्ती असलेल्या ग्रहावर उतरतात. समोर बायका उभ्या आहेत, घरं आहेत, शेतं आहेत, सहाशे वर्षांचा संसार आहे, आणि ते विचारतात, तुमची माणसं कुठे आहेत? समोरच्या बायका त्यांना माणसं म्हणून दिसतच नाहीत. तुमच्या पोराला ते दिसलं. तिथे एक जागा आहे, ती आईची आहे, आणि आत यायचं तर विचारायला हवं, हे त्याला पंधराव्या वर्षी कुणी न शिकवता कळलं. तुम्ही त्या प्रश्नाने इतक्या कासावीस झालात की त्याने 'विचारलं' हे तुमच्या लक्षातच आलं नाही. उमोजामध्ये मुलगे आयांबरोबरच वाढतात. बेगिनांच्या वस्तीचं दारही दिवसा उघडं असे. तेव्हा त्याला खरं ते सांगा. पाहुणा म्हणून ये, येण्याआधी कळव, आणि आलास की सगळ्यांबरोबर काम कर.

रुकैयाची गोष्ट जेमतेम दहा-बारा पानांची आहे. परीक्षा संपली की ती त्याला मराठीत सांगा, त्या चिरुटांच्या हिशेबासकट. तो काय विचारतो ते ऐका. आणि दिवाळीनंतरच्या चार दिवसांचं मला नक्की कळवा. पहिल्या रात्रीची भांडी कुणी घासली, तेही लिहा.

तुमची,
सदरलेखिका